दारापर्यंत गेली, पण परतही आली

प्रश्न: मुलगी एमडी इमर्जन्सी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी भूकंप झाला तेव्हा ती नाइट ड्यूटीवर होती. सलाईनची बाटली स्टँडवर झुलायला लागली आणि ही पेशंटला सोडून दारापर्यंत पळाली. परत आली तेव्हाही बाटली झुलतच होती, म्हणते. नातेवाईक ओरडले, "मॅडमच पळाल्या!" आता सीट सोडायची म्हणते. काय करावं?
– एक पालक, नांदेड

उत्तर: सप्रेम नमस्कार.

बाटली थांबायच्या आत लेक परत आली होती, हे तिला कुणी सांगितलं का?

त्या दिवशीचा धक्का ४.५ चा, केंद्र हिंगोलीकडे. पण मराठवाड्यात जमीन जराही हलली की घरोघर किल्लारी आठवते. १९९३ मध्ये विसर्जनाची रात्र उलटून माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. त्यानंतर आपण सगळ्यांनी पोरांना एकच शिकवलं: हललं की बाहेर पळ. तुम्हीही शिकवलं असणार. तिचे पाय त्या शिकवणीने चालले. सिमेंटच्या बहुमजली इमारतीत मात्र धक्का चालू असताना पळायचं नसतं. खाली बसायचं, डोकं झाकायचं, भक्कम काहीतरी धरून राहायचं. ही रंगीत तालीम तिच्या विभागात कधी झाली का, तेवढं विचारा. माझा अंदाज, नसेल.

भूकंपाच्या पहिल्या मिनिटाला डॉक्टरही इतरांसारखाच माणूस असतो. त्याचं काम पुढे सुरू होतं. २००१ मध्ये भुजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं, तेव्हा ज्युबिली ग्राउंडवर उघड्यावर उपचार झाले. ढिगाऱ्याखाली पाय तासन् तास दबलेल्या माणसाला नुसतं ओढून काढलं, तर चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडंही निकामी होतात. म्हणून शक्य असेल तर वरचा दगड हलवण्याआधीच सलाईन सुरू करतात. हे तिला वाचायला द्या आणि तिचा चेहरा बघा. प्रश्न विचारायला लागली, तर मला वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

खरं तर शाखा भूकंपावरून निवडायचीच नसते. कॅज्युअल्टीत रोज येतात ते अपघात, सर्पदंश, कीटकनाशक प्यालेला शेतकरी, छातीत कळ आलेले आजोबा. ते काम तिला २१ मार्चच्या आधी आवडत होतं का? नसेल, तर सोडण्याचा विचार जरूर करा, पण दंडाच्या अटी आधी वाचून घ्या. आवडत असेल, तर निदान दोन-तीन महिने राजीनाम्याचा विषय काढू नका. झोप उडाली असेल, ड्यूटीला जाताना छाती धडधडत असेल, तर मनोविकार विभाग त्याच आवारात असेल. तिने स्वतः जावं, विभागप्रमुखांनाही सांगावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एक राहिलं. त्या पेशंटचं पुढे काय झालं, ते तुम्ही लिहिलंच नाही. तिला विचारा.