मे महिन्यात नागपूरहून एकट्याने दिवसभराची सायकल सहल करता येते का? गिअरची सायकल लागतेच का?

पहिल्याचं उत्तर: येते. दुसऱ्याचं: नाही लागत. इथंच थांबले असते, पण तुम्ही खाली लिहिलंय की घरचे म्हणतात, "तीस-चाळीस हजारांची सायकल घेतल्याशिवाय असलं काही डोक्यात आणू नको." ते वाचून मला आमचे भाऊजी आठवले, त्यामुळे आता जरा लांबण लागणार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हिवाळ्यात का जात नाही, असं विचारणाऱ्यांनी आमच्याकडचा हिवाळा येऊन बघावा. परीक्षा, स्नेहसंमेलन, प्रशिक्षणं, आणि निवडणूक असली की मतदारयाद्या. सलग सुट्टी मिळते ती मेमध्येच. सायकल म्हणाल तर मुलीची आठवीतली लेडीज सायकल, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर. मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते आणि सायकल माझ्याकडे आहे.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पहाटे पाचला घट्ट कपडे घालून सायकलने फुटाळा तलावावर जातात. मी रामटेकला जाते म्हटल्यावर हसून म्हणाले, "वहिनी, भाजी आणायची सायकल आहे ती. टूरिंग वेगळं." त्याच रात्री मी चेनला तेल घातलं.

मेचा दुसरा आठवडा होता, पारा त्रेचाळीसच्या आसपास. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून लागायचा होता. पहाटे सव्वाचारला निघाले. अंधारात मागचा लाल दिवा हवाच, कारण जबलपूर हायवेचे ट्रक पहाटे रिकामे असतात आणि मालकीचा रस्ता असल्यासारखे धावतात. कामठी मागे पडली, कन्हानच्या पुलावर उजाडलं. खाली पात्रात वाळूच जास्त, पाणी नावाला. पुलापलीकडे टरबुजाचे ढीग लागले होते. एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीचे पैसे त्याने घेतले नाहीत. इथपर्यंत तुम्हाला उन्हाळा आहे हे कळतसुद्धा नाही. तो साडेआठला कळतो.

डुमरी मागे पडली आणि पुढचं चाक बसायला लागलं. काटा नाही, खिळा नाही. पुढे कडुलिंबाखाली एक पंक्चरवाला होता, टायरवर बसून तर्री-पोहे खात होता. त्याने व्हॉल्व्हची टोपी काढली, आतली कांडी उपसली आणि म्हणाला, "वॉलट्यूब गेली मॅडम." ती मुंगळ्याएवढी काळी रबरी नळी जुनी होऊन चिकट झाली होती, बोटाला काळं लागलं. त्याने खोक्यातून हातभर नळी काढली, ब्लेडने इंचभर कापली, जिभेवर टेकवून ओली केली आणि कांडीवर सरकवली. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचाच थेंब. बुडबुडा आला नाही. पाच रुपये झाले, वर आणखी इंचभर तुकडा फुकट, "असू द्या, कामी येते."

मग त्याने विचारलं, "एकल्याच जाऊन राहिल्या काय?" हो म्हटलं. "मग हवा गच्च नका भरू. उन्हात उभी ठेवली तं फाटते." टायर गरम झालं की दाब वाढतो, हे पुस्तकात मी शिकवते. रस्त्यावर त्याने शिकवलं.

आता भाऊजींची सायकल बघा. तिला तो बारीक, लांबट, विदेशी व्हॉल्व्ह. गावातला पंप त्याला बसत नाही, मध्ये पितळेची वाटाण्याएवढी टोपी लागते. मागच्या वर्षी उमरेड रोडवर हे महाशय ती टोपी घरी विसरले. मोटारीत सायकल घालून आणायला कोण गेलं? आमचे हे, आणि शेजारच्या सीटवर डबा घेऊन मी. तेव्हा कोणी म्हणालं नाही की ही भाजीची सायकल नाही. बरं, ते जाऊ द्या.

आमच्या शाळेतल्या मुली सातवीनंतर पुढच्या गावच्या हायस्कूलला जातात. त्यांना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, आणि त्या सकाळच्या शाळेतून भर अकरा-बारा वाजता चार-पाच किलोमीटर घरी येतात. पाठीवर दप्तर, तोंडाला दुपट्टा, कधी कॅरिअरवर धाकटा भाऊ. त्यांना कोणी टूरिंग म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे हेल्मेटवर लावायचा कॅमेरा नाही.

मनसरला उजवीकडे वळले आणि साडेनऊच्या सुमारास रामटेकला पोचले. गडावर सायकल नेली नाही, खालच्या नारळवाल्याकडे ठेवली. दहा मिनिटांनी परत आले तर टोपलीतली केळी लंगूर घेऊन गेलेला. मी दुकानदाराकडे बघितलं, तो म्हणाला, "सायकल सांभाळायची बोलली होती, केळं नाही." गड राहिलाच. मेघदूतातला यक्ष याच रामगिरीवर शाप भोगत होता असं मानणारे पुष्कळ विद्वान आहेत. त्याला निरोप द्यायला आषाढात ढग तरी मिळाला. मेमध्ये आकाशात द्यायला कोणी नव्हतं.

साडेदहा ते साडेचार सायकलवर बसायचं नाही, हा या दिवसातला एकच खरा नियम. बाकीचं सगळं चालवून घ्या. हवा अंगापेक्षा गरम झाली की सायकलवरचा वारा गार लागत नाही, तव्यावरची वाफ तोंडावर आल्यासारखा लागतो. प्रश्न एवढाच की सहा तास बसायचं कुठे? मी कूलरच्या आवाजाच्या दिशेने गेले. मंगल कार्यालय होतं, आणि लग्नाची तीथ. दारातल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "मुलाकडच्या का मुलीकडच्या?" मी म्हटलं, "नागपूरकडची." त्यांनी लगेच पाणी दिलं.

नवरा नागपूरचा निघाला. मी मोठ्या कूलरसमोरची खुर्ची धरली. मंगलाष्टकांना उभी राहिले, अक्षता टाकल्या, पंगतीत वांग्याची भाजी, पोळी, बुंदी आणि तीन ग्लास मठ्ठा. फुकट जेवले नाही हो, पाकिटात एकशे एक घालून दिले. वरमायेने साडीऐवजी घामाचे पांढरे पट्टे उमटलेला कुर्ता बघितला, तेव्हा खरं सांगितलं. ती नवऱ्यामुलाला हाक मारून म्हणाली, "बघ, ह्या नागपूरवरून सायकलने आल्या तुझ्या लग्नाले." मी दुरुस्त केलं नाही.

ते पांढरे पट्टे लक्षात ठेवा. आमच्याकडे हवा इतकी कोरडी की घाम ओघळत नाही, लगेच उडून जातो आणि मीठ मागे ठेवतो. त्यामुळे आपल्याला घामच आला नाही असं वाटतं. तहानेवर भरवसा ठेवू नका, दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या. नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते अख्खं एका ग्लासात ओतू नका. नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुपट्टा सुती, पांढरा, ओला. दहा मिनिटांत सुकतो, पुन्हा भिजवायचा.

परतीचं सांगते, कारण भाऊजी सांगणारच आहेत. संध्याकाळी पाचला वऱ्हाडाची बस नागपूरला निघाली आणि वरमाय म्हणाली, "सायकल टपावर टाका, मॅडमले सोडून देऊ." मी नाही म्हटलं नाही. नव्या नवरीच्या मागच्या सीटवर बसले. रडून रडून आणि शालूत उकडून तिला चक्कर यायला लागली होती. मनसर येईपर्यंत माझी उरलेली ओआरएसची बाटली तिने संपवली. नागपुरात इंदोऱ्याला सायकल खाली उतरवली तर कोणीतरी तिच्या हँडलला झेंडूचं तोरण बांधलं होतं.

भाऊजींचं म्हणणं असं की अर्धा रस्ता बसने आलात, म्हणजे हे धरायचं नाही. मी म्हणते, सहल होती, शर्यत नव्हती. आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये बसणं हाच तर शहाणपणा होता, त्या वेळीसुद्धा गरम वारं सुटलं होतं.

राहिलेलं: बीपीच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर सावलीत जाऊन अंगावर पाणी ओता. बोलण्यात घोळ व्हायला लागला तर सरळ दवाखाना, घरगुती उपाय नको. पारा पंचेचाळीसवर गेला किंवा नवतपा लागला तर घरी बसा. आणि रामटेकचा रस्ता सपाट आहे म्हणून माझी सायकल चालली. चिखलदऱ्याला जायचं असेल तर गिअरची घ्या, मी भांडणार नाही.

आणि भाऊजी, हे वाचत असाल तर: आमच्या दारापासून नारळवाल्यापर्यंत अठ्ठेचाळीस किलोमीटर आहेत. तुमच्या मोबाईलमध्ये काय दाखवतं ते मला सांगू नका.