मेलेल्या पाइनचं लाकूड आणि मुलीचं करिअर

प्रश्न : माझी मुलगी दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइनच्या लाकडापासून जैवइंधन करण्यावर संशोधन चालतं, तेच करायचं म्हणते. कर्ज काढायची आमची तयारी आहे. पण मेलेल्या झाडांवर करिअर होतं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण विषय लहान नाही. १९९६ नंतर तिथल्या सुमारे ४ कोटी २० लाख एकर जंगलाला पाइन आणि स्प्रूस झाडांवरच्या अशा भुंगेऱ्यांची झळ बसली. तांदळाच्या दाण्याएवढा किडा. सालीखाली बोगदे करून अंडी घालतो आणि येताना बुरशी घेऊन येतो. तिने लाकूड निळसर पडतं, झाडात पाणी चढेनासं होतं, आणि वर्षभरात हिरवा डोंगर तांबडा दिसायला लागतो. पूर्वी कडाक्याच्या थंडीत अळ्या मरायच्या; आता हिवाळे सौम्य झालेत.

हे लाकूड उभ्या उभ्या वाळलेलं असतं, त्याच्यासाठी शेतजमीन अडत नाही. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पुढाकारातल्या प्रकल्पाला जवळपास १ कोटी डॉलर दिले. लाकूड हवेशिवाय तापवायचं, त्यातून इंधन काढायचं, आणि उरलेला कोळसा, म्हणजे बायोचार, मातीत घालायचा. अडचण अशी की झाडं रस्त्यापासून लांब, चढावर असतात. तोडणी आणि वाहतुकीतच खर्च वाढतो, डिझेल जळतं ते वेगळंच.

तुमच्या मुलीचं काम मात्र याच्या आधी सुरू होतं. मेलेल्या खोडात सुतारपक्षी घर करतात, खाली नवी रोपं उगवतात, कुजणारं लाकूड मातीला परत मिळतं. ते उचलून नेलं तर काय बिघडतं? यंत्रं फिरलेल्या जमिनीत रोपं किती, न फिरलेल्या जमिनीत किती, हे आखलेल्या चौकटीत वाकून एकेक मोजावं लागतं. इंधन कसं करायचं ते केमिकल इंजिनिअर बघतील. किती लाकूड न्यावं आणि किती राहू द्यावं हे सांगायला जंगल वाचणारा माणूस लागतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

एकाच किड्यावर मात्र करिअर बांधू नका. मध्य प्रदेशात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सालवृक्षांवर खोडकिड्याची मोठी साथ आली होती. उत्तराखंडात चीडच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, वाळक्या पानांपासून वीज करण्याचे प्रयत्न चालू आहेत. प्रश्न तेच, जंगल वेगळं. त्यामुळे संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं) आणि जंगलातल्या कार्बनचा हिशेब या तीन गोष्टी तिने पक्क्या कराव्यात. त्या कुठेही उपयोगी पडतात.

कर्जाबद्दल स्पष्टच सांगते. प्रबंधासह एमएस किंवा पीएचडी करणाऱ्यांना तिथे बहुधा असिस्टंटशिप मिळते, म्हणजे फी माफ आणि वर दरमहा मानधन. ती मिळत नसेल तर या विषयासाठी कर्ज काढू नका. शिवाय असे प्रकल्प ठरावीक वर्षांचे असतात, २०१३ चा केव्हाच संपला. म्हणून अर्ज भरण्याआधी प्राध्यापकांना थेट ईमेल करून सध्या निधी कशाला आहे, हे तिने विचारावं.

त्या ईमेलमध्ये नुसते गुण नकोत. तिने याच सत्रात शिक्षकांच्या परवानगीने दापोलीच्या आसपास एक छोटा प्लॉट आखावा, त्यातलं पडलेलं लाकूड आणि रोपं मोजावीत, आणि ते आकडे जोडून पाठवावेत.