वाचक विचारतात: क्रूझवर बाल्कनी घ्यायची, पण कुठली?

गेल्या महिन्यात क्रूझविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त विचारणा बाल्कनीच्या केबिनबद्दलच आहे. त्यातली नागपूरची चार पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न (धरमपेठ): आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. सिंगापूरहून पेनांग-फुकेतची ४ रात्रींची क्रूझ घेतोय. एजंटनं जवळपास एकाच दरात तीन बाल्कनी केबिन सुचवल्या आहेत: एक पुढच्या टोकाशी, एक नवव्या डेकवर मधोमध आणि एक वर, पूलच्या बरोबर खाली. तो म्हणतो, वरचीच घ्या, व्ह्यू मस्त मिळतो. पण पत्नीला साध्या घाटातही गाडी लागते. काय करावं?

उत्तर: नवव्या डेकवरची मधली घ्या. गाडी लागणाऱ्या माणसासाठी दुसरा विचारच करू नका.

एसटीच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस कसा उसळतो आणि मधला कसा निवांत असतो, ते आठवा. जहाज लाटेवर पुढे-मागे डुलतं तेव्हा त्याची दोन्ही टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात, मधला भाग सर्वांत कमी. जहाज डावी-उजवीकडे कलतं तेव्हा ताडाच्या झाडासारखं होतं: बुंधा जेमतेम हलतो, शेंडा झुलतो. म्हणून जितकी केबिन खाली आणि मध्यावर, तितका त्रास कमी. जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते कलणं बरंच कमी करतात, पुढे-मागे डुलण्यावर मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. पुढच्या टोकाची केबिन नको, ती यासाठी. शिवाय सकाळी बंदरात शिरताना नांगराची साखळी आणि जहाज आडवं सरकवणारे थ्रस्टर यांची घरघर तिथेच सर्वांत जास्त जाणवते.

आता पूलखालची. दर जवळपास तोच असला तरी ती घेऊ नका. पहाटे कर्मचारी डेक धुतात आणि आरामखुर्च्या ओढून ओळीत लावतात; तो खरखराट थेट तुमच्या छतावर होतो. वरचा डेक बाहेर आलेला असेल तर बाल्कनीवर त्याची सावली पडते आणि मान वर केली की आकाशाऐवजी पत्रा दिसतो. बुफेखालच्या केबिनचीही हीच गत.

पैसे भरण्याआधी एवढं कराच. जहाजाचा डेक प्लॅन कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तुमचा डेक, त्याच्या वरचा आणि खालचा अशी तीन पानं छापून घ्या, लिफ्टच्या खुणा जुळवून एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. तुमच्या केबिनच्या वर केबिन आणि खालीही केबिन दिसली पाहिजे. खाली थिएटर किंवा डान्स क्लब असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोलासारखा ठोका ऐकू येतो. प्लॅनवर काहीच न लिहिलेला कोरा चौकोन शेजारी असेल तरी सावध व्हा. तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची पँट्री किंवा सामानाची खोली असते आणि ट्रॉल्यांची ये-जा चालू असते. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून केबिन घ्या, म्हणजे गुडघ्यांना चाल कमी आणि लिफ्टजवळच्या गप्पाही लांब. शेजारच्या केबिनला जोडणारं आतलं दार असेल तर ती टाळा. त्या दारातून टीव्ही आणि खोकला दोन्ही ऐकू येतात.

मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीनं वेढलेली, त्यामुळे बहुतेक वेळा शांत असते. फुकेतजवळ अंदमान समुद्र लागतो, तिथे मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा असतात. मळमळीवर गोळी कोणती घ्यायची ते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, कारण या गोळ्यांनी झोप येते आणि रक्तदाबाच्या औषधांबरोबर त्या चालतील का, हे पाहावं लागतं. मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच ती लागू पडते. नंतरची उलटीतच जाते. त्रास वाटला तर बाल्कनीत बसून क्षितिजाकडे बघत राहायला सांगा. खाली मोबाइलमध्ये अजिबात बघू देऊ नका.

प्रश्न (मानेवाडा): ‘गॅरंटी बाल्कनी’ बरीच स्वस्त दिसते. फसवणूक तर नाही ना?

उत्तर: फसवणूक नाही, पण निवड तुमच्या हातून जाते. बाल्कनी मिळणार हे पक्कं. कुठली, ते कंपनी ठरवते, कधीकधी निघायच्या दोन-चार दिवस आधी. मिळालेली बदलून मागता येत नाही. आधीच्या उत्तरात जे जे टाळायला सांगितलं, त्यातलं काहीही वाट्याला येऊ शकतं. तुम्हाला ढाराढूर झोप लागत असेल आणि बोट लागत नसेल तर पैसे वाचवा. बाकीच्यांनी नंबर ठरवूनच बुकिंग करावं.

स्वस्त बाल्कनीत आणखी दोन प्रकार येतात. पहिला, अडलेल्या दृश्याची: समोर लाइफबोट टांगलेली. बोट कठड्याच्या खाली असेल तर उभं राहिल्यावर समुद्र दिसतो आणि सौदा चांगला ठरतो. बोट समोरच असेल तर तिच्या नारिंगी पाठीकडे बघत चहा प्यावा लागतो. म्हणून ‘अर्धवट अडलेलं’ की ‘पूर्ण अडलेलं’ हे एजंटकडून लेखी घ्या. दुसरा, आतल्या बाजूची: काही अवाढव्य जहाजांवर बाल्कनी जहाजाच्याच मधल्या बागेकडे किंवा बाजाराकडे उघडते. तिथून समुद्र दिसत नाही.

कठडा काचेचा आहे की लोखंडी, हेही विचारा. खालच्या डेकवरच्या काही बाल्कन्यांना समोर भरीव पत्रा असतो. खुर्चीत बसलं की डोळ्यांसमोर पांढरा रंग आणि वर आकाशाची पट्टी, बस.

प्रश्न (महाल): मुंबई-गोवा क्रूझ करायची आहे. मुलं ५ आणि ८ वर्षांची. बाल्कनी सुरक्षित आहे का? आणि कोणत्या बाजूची घ्यावी?

उत्तर: कठडा एक मीटरहून थोडा उंच असतो आणि जमिनीवर उभं असलेलं ५ वर्षांचं मूल त्यावरून सहसा जाऊ शकत नाही. धोका खुर्चीचा आणि टीपॉयचा. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या अटेंडंटला सांगून टीपॉय आत घ्या, रात्री खुर्च्याही. दाराची वरची कडी नीट लागते ना, ते स्वतः लावून बघा. मोठं माणूस सोबत नसेल तर बाल्कनीचं दार बंद, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

कठड्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका. एक तर ते वाऱ्यानं उडतात, दुसरं म्हणजे सिगारेटचं थोटूक पडलं तर आगीची भीती. २००६ च्या मार्चमध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाला बाल्कनीतूनच आग लागली. पेटत्या सिगारेटच्या थोटकाचा संशय होता, आणि बाल्कन्यांमधल्या प्लॅस्टिकच्या आडभिंतींमुळे ती पसरत गेली. एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानाचे नियम जगभर कडक झाले.

बाजूचं म्हणाल तर, जाताना जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणून किनारा डावीकडे, म्हणजे पोर्ट बाजूला, आणि सूर्यास्त उजवीकडे, स्टारबोर्डला. परतीला उलट. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं, रात्री दिसलेच तर दूरचे दिवे. त्यामुळे संध्याकाळी मुंबईहून निघणार असाल तर जाण्याच्या प्रवासाचा विचार करून उजवी बाजू घ्या.

जुन्या जहाजांवर बाल्कन्या मुळातच मोजक्या असतात, तेव्हा लवकर बुक करा. आणि नागपूरहून एक दिवस आधी मुंबईत पोहोचा. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते आणि बॅलार्ड पिअर तिथून जवळच आहे हे खरं, पण गाडी पाच तास लेट झाली तर जहाज थांबत नाही. चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं.

प्रश्न (सदर): अगदी मागच्या टोकाच्या बाल्कनीबद्दल खूप चांगलं ऐकलंय. घ्यावी का?

उत्तर: बोट लागत नसेल तर जरूर घ्या. जहाजामागे पसरत जाणारी फेसाची पांढरी वाट दुसरीकडून इतकी पूर्ण दिसत नाही, वाराही कमी लागतो आणि बऱ्याच जहाजांवर या बाल्कन्या जास्त खोल असतात. खालच्या डेकवर प्रोपेलरची थरथर जाणवते, टेबलावरचा ग्लास बारीक किणकिणतो. म्हणून मधल्या उंचीची घ्या. खुर्चीवर कधीकधी चिमणीची काजळी असते, पांढरे कपडे घालून बसण्याआधी हात फिरवून बघा. जेवणाच्या आणि थिएटरच्या दिवसातल्या फेऱ्या मोजल्या तर चालणंही बरंच होतं. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडू नका: वारा आरपार घुसतो आणि जड दार बोटांवर आदळतं.