टेम्पो घेऊ का ताई?

प्रश्न: नमस्कार ताई, मी अमळनेर तालुक्यातला, वय २९, बीए झालंय. तीन वर्षं झाली पार्सल वाटतो. कंपनीचा डायरेक्ट माणूस नाही, व्हेंडरकडे म्हणजे कंपनीच्या ठेकेदाराकडे आहे, ॲपमध्ये नावापुढे 'डिलिव्हरी पार्टनर' येतं. पार्सलला १४ रुपये, पगार नाही, सुट्टी नाही, गाडी आपली, पेट्रोल आपलं. सकाळी साडेसातला हबवर म्हणजे पार्सलच्या गोदामावर जातो, मारवड-कळमसरेकडचा रूट आहे, कधी पातोंडा पण देतात, रोजचे ९० किलोमीटर होतात आणि घरी यायला संध्याकाळचे साडेसहा सात. मागच्या महिन्यात १७०० पार्सल झाले, २३८०० बनले, त्यात २३८ टीडीएस म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स कापला. जानेवारीत एका घरून मोबाईल रिटर्न घेतला, डबा सीलबंद होता, हबवर उघडला तर आत साबणाची वडी, ते १८५०० माझ्या पेआउटमधून दोन महिन्यांत कापले, माझं कोणी ऐकलंच नाही. जुलैमध्ये पावसात गाडीपुढे म्हैस आडवी आली, घोटा फ्रॅक्चर, ४० दिवस घरी, एक रुपया भेटला नाही आणि परत आलो तर रूट दुसऱ्याला देऊन टाकलेला, कसाबसा परत मिळवला. आता व्हेंडर म्हणतो छोटा टेम्पो घे, महिना ३८००० फिक्स देतो, डिझेल हप्ता तुझा. गाडी ऑनरोड ६ लाख, १ लाख भरायचे, बाकी ५ लाखाचं लोन, ५ वर्षं, हप्ता ११०००. रूट १०० किलोमीटरचा. माय म्हणते सोन्याची पोत गहाण ठेवू. वडिलांची दोन एकर कोरडवाहू कपाशी आहे, त्याचा भरवसा नाही. आते काय करू ताई?

उत्तर: भाऊ, शेवटच्या ओळीत 'आता'चं 'आते' करून तू अहिराणीवर आलास तिथे मी थांबले, पत्र दोनदा वाचलं. आधी टेम्पोचं सांगते कारण त्याची घाई आहे, मायची पोत एकदा गहाण गेली की मग सल्ला देऊन उपयोग नाही.

कागद घे आणि आधी तुझ्या आत्ताच्या गाडीचा हिशोब मांड. २३८०० मधून टीडीएस गेला. रोजचे ९० म्हणजे २६ दिवसांत २३४० किलोमीटर, गाडी पन्नासचं ॲव्हरेज देते असं धरलं तर ४७ लिटर, १०५ च्या भावाने ४९०० पेट्रोलचेच. ऑइल, चेनसेट, ब्रेक, टायर याचे महिन्याला १५०० धर, कमी नको धरू, खेड्यांचे रस्ते तुला माहितीच आहेत. रिचार्ज ३५०. आणि एक खर्च कोणीच धरत नाही तो म्हणजे गाडीची झीज. वर्षाला २८००० किलोमीटर चालणारी गाडी चार वर्षांत खिळखिळी होते, ९०००० ची गाडी असेल तर महिन्याला जवळपास १९०० तुझ्या खिशातून जातायत, फक्त आज दिसत नाहीत, नवीन गाडी घ्यायच्या दिवशी एकदम दिसतील. हातात राहिले साधारण १५०००. दिवसाचे पावणेसहाशे, आणि तू अकरा तास राबतोयस, म्हणजे तासाला पन्नास बावन्न रुपये. हे वाचून तुला वाईट वाटेल, मला लिहितानाही वाटलं, पण पुढचं ठरवायला हाच आकडा लागतो, ते २३८०० नाही.

आता टेम्पो. हप्ता ११०००. रोज १०० किलोमीटर, थांबत थांबत चालणारी लोड गाडी २० चं ॲव्हरेज देईल, पाच लिटर डिझेल, ९२ च्या भावाने महिन्याचे १२००० च्या घरात. मालवाहू गाडीचा इन्शुरन्स वर्षाला २५००० जरी धरला तरी महिन्याला २१०० बाजूला काढावे लागतील. टायर सर्व्हिसिंगचे ३०००. झाले २८१००. ३८ मधून राहिले ९९००. तुझ्या बाइकपेक्षा ५००० कमी आणि वर डोक्यावर पाच लाख. यात तू भरलेला एक लाख, मायच्या पोतीवरचं व्याज, पार्किंग, गाडी एखाद दिवस गॅरेजला उभी राहिली तर त्या दिवसाचं, हे काहीच धरलेलं नाही. तुझे आकडे थोडे वेगळे असतील तर तुझे टाक, पण असंच एकेक ओळ मांडून टाक.

पैशाहून मोठी भानगड मुदतीची आहे. हप्ते ६० महिने आणि व्हेंडरचा शब्द किती महिन्यांचा? बहुतेक करारात पंधरा दिवस किंवा महिन्याची नोटीस देऊन काम बंद करायची मोकळीक त्याला असते. त्याचं स्वतःचं कंपनीसोबतचं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर तो तरी काय करणार, तो हात वर करेल आणि बँक तुझ्या दारात येईल. माझ्या मामेभावाने चाळीसगावला अशीच गाडी घेतली होती, आठव्या महिन्यात हब बंद झालं, पुढे दोन वर्षं तो लग्नसराईत मंडपाचं सामान वाहून हप्ते फेडत होता, बायकोचे दागिने सोडवता आलेच नाहीत. म्हणून मी हे तळमळीने लिहितेय. व्हेंडरला सांग की आधी सहा महिने तुमच्याच गाडीवर ड्रायव्हर म्हणून ठेवा, पगार द्या. काम चांगलं असेल तर तो ठेवेल. नाही म्हणाला तर त्याला टेम्पो चालवणारा नको होता, टेम्पोचा धोका उचलणारा हवा होता असं समज. आणि तरीही घ्यायचाच ठरला तर पार्सल बंद पडल्यावर अमळनेरच्या मार्केटमध्ये त्या गाडीला दुसरं काय काम मिळेल ते आधी चार टेम्पोवाल्यांना विचारून ये. लायसन्सची चिंता नको, ७५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय.

साबणाच्या वडीचं. तू नोकर नाहीस, कंत्राटावरचा माणूस आहेस असं ते धरतात, त्यामुळे पगारातून कपात करायचे जे कामगार कायद्याचे नियम आहेत ते तुझ्या बाबतीत लागू करून घेणं अवघड जातं. पण म्हणून कापलं ते बरोबर असं नाहीये. करारात काय लिहिलंय त्यावर खूप आहे, कराराची कॉपी तुझ्याकडे नसेल तर आधी ती माग, लेखी माग. मग ईमेल कर, ॲपमध्ये तक्रार टाक आणि तिचा नंबर ठेव, त्यात विचार की डबा हबवर कोणी उघडला, माझ्यासमोर उघडला का, कॅमेऱ्याचं फुटेज आहे का. तोंडी भांडण कितीही केलंस तरी दोन महिन्यांनी त्याचं काहीच उरत नाही. यापुढे महागडं रिटर्न असलं की गिऱ्हाइकासमोर डबा उघड, उघडायची परवानगी नसेल तर डब्याचं वजन, सील, आणि गिऱ्हाईक डबा देतंय असा फोटो. आणि कोरा चेक किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही कधीही द्यायची नाही, आधी दिली असेल तर परत माग. ऐकत नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, उत्पन्न कमी असेल तर तिथे वकील फुकट मिळतो.

घोट्याचं मात्र मला जास्त लागलंय. म्हैस आडवी आली, समोर दुसरी गाडी नाही, म्हणजे कोणाच्या इन्शुरन्सवर दावा करायला माणूसच नाही. तुझ्या गाडीच्या इन्शुरन्ससोबत मालकाचं जे १५ लाखाचं अपघाती कव्हर असतं ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, फ्रॅक्चरला नाही. बँकेतून २० रुपये कापून जो २ लाखाचा सुरक्षा विमा होतो त्याचंही तसंच, तो काढलेला नसेल तर उद्याच काढ, पण त्यातून ४० दिवसांचा घरखर्च निघणार नाही. त्यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसीत आठवड्याचा भत्ता नावाचा भाग असतो, घरी पडून राहिलास तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम. तो घालून घे आणि फॉर्मवर धंदा खरा लिही, 'शेती' लिहून प्रीमियम वाचवशील आणि क्लेमच्या वेळी अडकशील. हीच गोष्ट बाइकच्या पॉलिसीची. साध्या प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याने माल वाहायला वापर चालत नाही असं लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवून गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारतात, आणि हे आपल्याकडच्या बहुतेक पोरांना माहीतच नाही! एजंटला स्पष्ट विचार. व्हेंडरने तुम्हा सगळ्यांची ग्रुप पॉलिसी काढली असेल तर तिची कॉपी माग, जुलैच्या अपघाताचा क्लेम अजून बसतोय का ते त्यातच कळेल.

सरकारी बाजूने थोडं हललंय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात तुझ्यासारख्यांना पहिल्यांदा नाव मिळालं, गिग कामगार. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम तुमच्या कल्याण निधीत टाकायची, तीही तुम्हाला दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांपर्यंतच. किमान वेतन किंवा भरपगारी रजा यातून मिळत नाही, तेवढी आशा धरू नको. पण ई-श्रम या सरकारी कामगार नोंदणीच्या साइटवर नोंदणी कर, आधारला जोडलेला मोबाइल लागतो. आणि पेआउटचे मेसेज, बँक स्टेटमेंट, रोजच्या रनशीटचा म्हणजे पार्सलच्या यादीचा फोटो जपून ठेव, तू किती दिवस काम केलंस हे उद्या तुलाच दाखवावं लागेल, व्हेंडर बदलला की ॲपमधलं सगळं गायब होतं.

पोत घरातच राहू दे.

प्रश्न: ताई, मी भुसावळची. मिस्टर पार्सलचं काम करतात, त्यांचा दर महिन्याला टीडीएस कापतात. आम्ही कधी रिटर्न भरलं नाही, टॅक्स बसेल याची भीती वाटते. तो पैसा गेलाच का?

उत्तर: ज्या वर्षाचं रिटर्न भरायची मुदत अजून आहे त्याचा तरी गेला नाही वहिनी. तो १ टक्का त्यांच्या पॅनवर जमा असतो, रिटर्न भरलं आणि टॅक्स बसत नसेल, जो पार्सलच्या कमाईवर सहसा बसत नाही, तर परत खात्यात येतो. दोन तीन वर्षं रिटर्न भरलेलं असलं की बँक पण लोनसाठी नीट बोलते. भरण्याआधी इन्कम टॅक्सच्या साइटवर २६एएस नावाचा उतारा असतो तो काढून बघा, त्यात मिस्टरांना मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे दिसतायत का. काही ठिकाणी एकाच्या आयडीवर दोघा तिघांकडून काम करून घेतात आणि सगळी कमाई एकाच्याच पॅनवर चढते. तसं दिसलं तर लगेच लेखी कळवा आणि आयडी कोणालाही वापरायला देऊ नका, दुसऱ्याने कॅशमध्ये घोळ केला तर नाव तुमच्या घरचं येईल.

प्रश्न: मी धुळ्याचा निवृत्त शिक्षक, देवपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पार्सलवाला वर येत नाही, खाली बोलावतो. तक्रार करावी का?

उत्तर: सर, तुमचे गुडघे दुखत असतील तर त्याला फोनवर तेवढं सांगा, बहुतेक पोरं येतात. ॲपवर तक्रार टाकली की त्याचं कारण कोणी विचारत नाही, त्याचं रेटिंग पडतं, कधी इन्सेंटिव्ह जातो, कधी आयडीच बंद होतो. खाली गाडीवर साठ पार्सल उघडी असतात, तो वर आला आणि त्यातलं एक गेलं तर पैसे त्याचे कापतात, म्हणून तो गाडी सोडत नाही. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर सुट्टे काढून ठेवा, पत्त्यात जवळची खूण लिहा, एप्रिल-मे मध्ये आला तर पाणी विचारा. आणि ओटीपी पार्सल हातात आल्यावरच सांगा, आधी फोनवर कोणालाच नाही.