सात महिने इंजेक्शनं, स्लाइड एकही नाही

प्रश्न : आमचा लॅब्रडॉर ब्रुनो चार वर्षांचा आहे, वजन ३२ किलो. त्याला सतत खाज सुटते म्हणून गावातल्या एका खासगी पशुवैद्यकांकडे सात महिन्यांत अकरा वेळा नेलं. दर वेळी ‘अ‍ॅलर्जी आहे’ असं सांगून एक इंजेक्शन, कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या आणि शाम्पू. आठ-दहा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. आता त्याचं पोट सुटलंय, पाणी सारखं पितो, रात्री घरातच लघवी करतो, पाठीवरचे केस गेलेत. गेल्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि दहा मिनिटांत डेमोडेक्सचे किडे दाखवले. आतापर्यंत १८,४०० रुपये गेले. १२,९०० यूपीआयने दिले, बाकी रोख. बिल एकही नाही. केसपेपर मागितला तर पहिले डॉक्टर म्हणतात, आधी राहिलेले २,६०० द्या. पैसे परत मिळतील का? पोलिसांत जावं का? मेहुणे म्हणतात, सरळ फेसबुकवर टाका.
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी ब्रुनोचं बघू, कारण त्याच्या उपचाराचा क्रम आणि तुमच्या पुराव्याचा क्रम एकच आहे. पुडीतल्या गोळ्या अजून चालू असतील तर रागाच्या भरात एकदम बंद करू नका. लक्षणांवरून त्या स्टेरॉईडच्या असण्याची शक्यता मोठी आहे. बाहेरून बरेच दिवस स्टेरॉईड मिळालं की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. अशा वेळी औषध अचानक तोडलं तर कुत्रा ढासळू शकतो. मात्रा कशी आणि किती दिवसांत उतरवायची, हे नव्या डॉक्टरांना ठरवू द्या. उरलेल्या गोळ्या त्याच पुडीत ठेवा, फोटो काढा, फेकू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. डेमोडेक्सवरचं औषध सुरू झालं की किडे कमी होत जातात. महिनाभराच्या अंतराने दोन स्लाइड कोऱ्या येईपर्यंत उपचार चालवायचा असतो, म्हणजे काही महिन्यांनी ‘तेव्हा किडे होते’ हे दाखवायला शरीरावर काहीच उरणार नाही. म्हणून औषधाच्या आधीची स्लाइड महत्त्वाची. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेला फोटोही चालतो. तो, तारीख आणि कुत्र्याच्या कोणत्या जागेवरून नमुना घेतला ही नोंद डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्टेरॉईडच्या परिणामांचंही तसंच आहे. रक्तात एएलपी (यकृतातलं एक विकर) वाढलेलं असणं, आणि एसीटीएच (ग्रंथीला चेतवणारं संप्रेरक) चाचणीत कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड) जागचं न हलणं, या दोन गोष्टी आज दिसतील, चार महिन्यांनी दिसतीलच असं नाही. ही चाचणी प्रत्येक दवाखान्यात होत नाही. महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. कराडहून जाऊन यायला एक दिवस मोडेल, पण शिकवणाऱ्या संस्थेचा कागद ग्राहक आयोगापुढे (तक्रार तिथेच करायची आहे) वजनदार ठरतो.

नव्या डॉक्टरांकडून लेखी मत घेताना बहुतेक लोक एक चूक करतात. ते म्हणतात, “पहिल्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला, असं लिहून द्या.” समोरचा लगेच हात झटकतो, आणि त्याचं चूक नाही. निष्काळजीपणा ठरवणं हे आयोगाचं काम आहे. तुम्ही फक्त वस्तुस्थिती मागा : कोणत्या तारखेला काय तपासलं, काय सापडलं, त्या दिवशी वजन किती होतं, पोट-कातडी-केस यांची अवस्था कशी होती, डेमोडेक्स असलेल्या कुत्र्याला स्टेरॉईड दिल्यास सर्वसाधारणपणे काय होतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणताही प्रामाणिक पशुवैद्यक देईल : प्रतिकारशक्ती दबते आणि किडे वाढतात.

आता कायदा. पैसे घेऊन दिलेला वैद्यकीय उपचार ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात ठरवलं. तो निकाल माणसांच्या डॉक्टरांचा होता, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली सेवेची व्याख्या तेवढीच रुंद आहे आणि ग्राहक आयोगांनी पशुवैद्यकांविरुद्धच्या तक्रारी ऐकलेल्या आहेत. (तुम्ही ब्रुनोपासून पिल्लं काढून विकत नाही ना? विकत असाल तर ‘हा व्यापारी हेतू आहे, तक्रारदार ग्राहकच नाही’ हा बचाव पहिल्याच पानावर येईल.)

खरा प्रश्न निष्काळजीपणाचा. खाज थांबली नाही एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. त्वचेचे आजार चिवट असतात, आणि पिसवा, खरूज, बुरशी, जिवाणू, खाण्यातली अ‍ॅलर्जी, थायरॉईड असं सगळं वरून सारखंच दिसतं. डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दलच्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जी कसोटी पक्की केली, ती अशी : त्या शास्त्रातला सर्वसाधारण कुशल माणूस जे करेल ते डॉक्टरांनी केलं का? दोन मान्य मार्गांपैकी एक निवडला आणि तो फसला, तर डॉक्टर दोषी ठरत नाही.

या कसोटीवर पहिल्या दोन भेटी सोडून द्या. सुरुवातीला पिसवा-गोचिडांचं औषध आणि थोडे दिवस खाज शमवणारं औषध देऊन बघणं गैर नाही. तिसऱ्यांदा खाज उलटली तिथे गोष्ट बदलते. खरवडून तपासणीला लागतं काय? एक पातं, दोन थेंब लिक्विड पॅराफिन, काचेची पट्टी आणि सूक्ष्मदर्शक. कातडी चिमटीत धरून, किंचित रक्त पाझरेपर्यंत खरवडायचं, कारण डेमोडेक्स केसांच्या मुळाशी खोल राहतो. काम दहा मिनिटांचं, खर्च किरकोळ. एवढी स्वस्त तपासणी न करता जो अकरा वेळा स्टेरॉईड टोचत राहतो, त्याला ‘हाही एक मान्य मार्ग होता’ असं म्हणणं जड जाईल. महागडं एमआरआय केलं नाही अशी तक्रार असती तर मी तुम्हाला घरी बसायला सांगितलं असतं.

पण इंजेक्शन स्टेरॉईडचंच होतं, हे सिद्ध कशाने करणार? केसपेपरने. म्हणून कागद मिळवणं हे पहिलं काम. ते राहिलेले २,६०० रुपये देऊन टाका, यूपीआयनेच, आणि शेऱ्यात ‘हक्क राखून’ असं लिहा. पैसे दिल्याने तक्रारीचा हक्क जात नाही, आणि कागद न देण्याचं त्यांचं एकमेव निमित्त संपतं. त्याच दिवशी असं पत्र द्या :

“माझ्या कुत्र्यावर आपल्या दवाखान्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अकरा वेळा उपचार झाले. प्रत्येक भेटीची तारीख, निदान, केलेल्या तपासण्या, दिलेल्या इंजेक्शनचं व गोळ्यांचं नाव आणि मात्रा, तसेच घेतलेल्या रकमेची पावती, ही माहिती सात दिवसांत लेखी द्यावी. पुढील उपचारासाठी ती तातडीने हवी आहे.”

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढच्या डॉक्टरांना स्टेरॉईडचा प्रकार खरंच कळायला हवा. काही इंजेक्शनांचा अंमल एक-दोन दिवस असतो, डेपो प्रकारच्यांचा आठवडेच्या आठवडे. आणि उपचारासाठी मागितलेला कागद नाकारणं आयोगापुढे फार वाईट दिसतं. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. इंटरनेटवर ‘७२ तासांत कागद देणं बंधनकारक’ असं वाचाल. तो नियम माणसांच्या डॉक्टरांच्या आचारसंहितेतला आहे. पशुवैद्यकाला लिहिताना त्याचा हवाला दिलात तर उत्तरात तुमचीच चूक दाखवली जाईल. कागद आलेच नाहीत तर तक्रार दाखल झाल्यावर ते हजर करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो, आणि तरीही लपवले तर प्रतिकूल अनुमान, म्हणजे कागद त्यांच्या विरोधात जाणारेच होते असा निष्कर्ष, काढू शकतो.

तोवर तुमच्याकडचा माल गोळा करा. यूपीआयच्या नोंदींवरून अकरा तारखांपैकी बऱ्याच बाहेर येतील. रोख दिलेल्या दिवशी दवाखान्यात केलेला फोन, ‘येऊ का’ असा मेसेज, लसीकरणाच्या पुस्तिकेवरची नोंद, काहीही चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवरची संभाषणं आपोआप पुसली जाण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा. ब्रुनोचे सात महिन्यांतले साधे घरगुती फोटो तारखांसह एका फोल्डरमध्ये लावा. केस गळत गेल्याचा आलेख तिथेच तयार होतो. मोबाइलमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसारचं प्रमाणपत्र जोडा. लसीकरणाची पुस्तिका पत्नीच्या नावावर आणि यूपीआय तुमच्या, असं असेल तर दोघांनी मिळून तक्रारदार व्हा.

आता स्वतःला तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं खरी द्या, कारण जाबदेणारांचा, म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा, वकील हेच विचारणार आहे. डॉक्टरांनी कधी रक्त किंवा त्वचा तपासायला सांगितलं होतं आणि तुम्ही ‘खर्च नको, औषधच द्या’ म्हणालात का? मध्ये घरी करंज तेल, गंधक, माणसांचं खाजेचं मलम लावलंत का? सांगितलेल्या तारखा चुकवल्यात का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तक्रारीचा कणाच मोडतो. बाकी दोन्हींनी रक्कम कमी होईल, तक्रार मरणार नाही.

आणखी एक बचाव येईल, तोही शास्त्रीय : डेमोडेक्स निरोगी कुत्र्याच्या कातडीतही थोडे असतात, मोठ्या वयात ते वाढले तर मुळाशी दुसरा आजार असतो, पहिल्या दिवशी ते कशावरून होते? याचं उत्तर तयार ठेवा. किडे पहिल्यापासून होते असं धरलं, तर तपासणी चुकली. नंतर स्टेरॉईडमुळे वाढले असं धरलं, तर उपचारानेच इजा केली. तक्रारीत दोन्ही शक्यता मांडा, एकीवर पैज लावू नका. थायरॉईडची तपासणीही करून घ्या, म्हणजे तिसरी वाट उघडी राहणार नाही.

दवाखान्याच्या पाटीवर किंवा चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पदवीधरालाच स्वतंत्र व्यवसाय करता येतो. पदविकाधारकांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवांपुरतीच मुभा आहे. नाव नोंदवहीत आहे का याची विचारणा नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी करा. नोंदणीच नसेल तर सगळं प्रकरणच वेगळं होतं आणि तेव्हा मात्र परिषदेकडे आधी जा. नोंदणी असेल तर परिषद शिस्तभंगाची कारवाई करू शकते, पैसे मिळवून देऊ शकत नाही. ती तक्रार मागाहून केली तरी चालते.

पोलिसांत जाण्याने हाती काही लागणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ प्राण्याला मारण्या-जायबंदी करण्याबद्दल आहे, पण त्यासाठी हेतू किंवा जाणीव लागते. हयगयीने इजा केल्याची कलमं माणसाच्या जिवाबद्दल आहेत. गाडीखाली कुत्रा गेल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याच कारणाने गुन्हा रद्द केला होता. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यासाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नका.

पंधरा दिवसांची नोटीस द्या. ती सक्तीची नाही, पण पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य, ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षांची; ती पहिल्या इंजेक्शनपासून मोजा, म्हणजे वादच नको. आयोगाची नोटीस मिळाल्यावर जाबदेणाराने तीस दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे ते स्वीकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे पंचेचाळीसावा दिवस कॅलेंडरवर खुणेने ठेवा. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिले आहेत. तुम्ही त्याहून बराच जास्त काळ धरून चाला.

मागणी फुगवू नका. तिसऱ्या भेटीपासूनचा खर्च, नव्या उपचाराचा आणि तपासण्यांचा खर्च, शिरवळचा प्रवास, मानसिक त्रासाबद्दल माफक रक्कम, तक्रारीचा खर्च. प्रत्येक आकड्यापुढे कागद हवा. १८,४०० च्या हिशेबावर दहा लाख मागितले की आयोगाचे सदस्य उरलेला अर्जही त्याच नजरेने वाचतात.

आणि मेहुण्यांना थोडं थांबवा. ‘लुटारू’, ‘कुत्र्याचा जीव घेतला’ असलं काही डॉक्टरांच्या नावानिशी टाकलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालची अब्रुनुकसानीची तक्रार तुमच्यावर येईल, आणि तडजोडीच्या टेबलावर ‘तुम्ही ती मागे घ्या, आम्ही ही घेतो’ अशी देवाणघेवाण सुरू होईल. पोस्ट आधीच टाकली असेल तर तिचा स्क्रीनशॉट ठेवून आजच काढून टाका.