ठिपक्यांच्या अक्षरांवर करिअर होईल का?

प्रश्न : मी ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या प्रिंटरवर किंवा बसच्या पाटीवर दिसतात तशी ठिपक्यांची अक्षरं मला मनापासून आवडतात. पोस्टर, लोगो, पुस्तकाचं मुखपृष्ठ, सगळीकडे मी तीच वापरते. इंग्रजीची २६ अक्षरं स्वतः तयारही केली आहेत. आमचे सर म्हणतात, ही फॅशन आहे, यावर करिअर होत नाही. मी हे सोडून द्यावं का?

उत्तर : मुळीच सोडू नकोस. पण सरांचं म्हणणं झटकूनही टाकू नकोस. नुसती ठिपक्यांची अक्षरं काढण्याची नोकरी कुठे नसते. काम मिळतं ते टाइप डिझायनरला, म्हणजे फॉन्ट घडवणाऱ्याला, ब्रँडिंग करणाऱ्याला, उपकरणांच्या स्क्रीनचे इंटरफेस करणाऱ्याला. या तिन्ही ठिकाणी तुझी आवड उपयोगी पडेल. मात्र सध्या तू तिच्याकडे ‘लूक’ म्हणून बघतेस, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

हा लूक अडचणीतून जन्मला आहे. १९८० साली आलेल्या एप्सनच्या एमएक्स-८० प्रिंटरच्या हेडमध्ये पिना होत्या नऊ. हेड आडवं सरकायचं, पिना रिबिनीवर आपटायच्या आणि कागदावर ठिपके उमटायचे. त्यातूनच अक्षर उभं करायचं. छोट्या एलसीडी पट्टीवर तर अक्षराच्या वाट्याला बहुधा पाच स्तंभ आणि सात ओळी येतात, म्हणजे ३५ ठिपके. त्या चौकटीत इंग्रजी बी आणि आठचा आकडा शेजारी शेजारी काढून बघ. नेहमीच्या मांडणीत त्यांच्यात अवघ्या तीन ठिपक्यांचा फरक असतो : डाव्या स्तंभातला सगळ्यात वरचा, मधला आणि सगळ्यात खालचा. हे तीन पेटले की बी, विझले की आठ. तुझ्या २६ अक्षरांत असा प्रत्येक ठिपका तिथेच का, हे तुला सांगता येतं का? येत असेल, तर तू टाइप डिझाइनच करते आहेस.

डिझायनर सुसान केअर यांचं शिक्षण ललित कलेचं. १९८४च्या ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी त्यांनी अक्षरं आणि आयकॉन केले, तेव्हा आयकॉनची सुरुवात चौकटीच्या वहीत घरं भरून केली होती. टाइप डिझायनर झुझाना लिच्को यांनी १९८५ मध्ये त्याच संगणकावर जाडेभरडे बिटमॅप, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, फॉन्ट केले आणि पुढे १९९६ मध्ये ‘मिसेस ईव्ह्ज’ हा नाजूक वळणांचा, पुस्तकी मजकुराचा टाइपफेस. तुझ्या वाटेचा विचार करताना मला लिच्को यांचंच उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं.

आता मुखपृष्ठाबद्दल स्पष्टच सांगते. ठिपक्यांची अक्षरं मोठ्या आकारात, मोजक्या शब्दांत खुलतात : वेळ, आकडा, तिकीट, एखादं नाव. बारीक केली की ठिपके एकमेकांत मिसळतात, किंवा अक्षराआधी ठिपकेच डोळ्यांत भरतात. त्यातून मुखपृष्ठ स्क्रीनवर अंगठ्याएवढं दिसतं, तेव्हा तुझे ठिपके आणि स्क्रीनचे पिक्सेल जुळत नाहीत आणि लेखकाचं नाव धुरकट होतं. शीर्षकाला ठिपके ठेव, बाकी मजकुराला साधा, सुवाच्य फॉन्ट दे.

आणि इंग्रजीवर थांबू नकोस. देवनागरीला सात ओळी पुरतच नाहीत. शिरोरेषेची एक ओळ, तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. १६ ओळी घे आणि ‘पूर्वी’ हा एकच शब्द काढ. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार. तिघांना जागा देता देता मधलं अक्षर किती चेपतं ते बघ. मग ‘धन’ आणि ‘घन’ काढ. ‘ध’च्या शिरोरेषेतल्या फटीत एक ठिपका चुकून पेटला, की धनाचं घन होतं! अशा जागी घेतलेला निर्णय चांगला टाइप डिझायनर लगेच ओळखतो.

फॉन्टफोर्ज हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घे. त्यात एकच ठिपका वेगळा बनवून सगळ्या अक्षरांत रेफरन्स म्हणून, म्हणजे मूळ ठिपक्याशी जोडलेली प्रत म्हणून, वापरता येतो. तो गोलाचा चौकोन केलास की अख्खा फॉन्ट बदलतो. अक्षरांमधलं अंतर मात्र डोळ्यांनीच ठरवावं लागेल.

पोर्टफोलिओत ठिपक्यांचा एकच प्रकल्प ठेव, पण चौकटीच्या वहीतल्या खाडाखोडीसकट. त्याच्या शेजारी वाचायच्या मजकुराचा, वळणदार अक्षरांचा एक टाइपफेस हवा, अर्धामुर्धा झालेला असला तरी चालेल. सरांशी वाद घालू नकोस. ‘पूर्वी’ १०, १२ आणि १६ ओळींत काढ, तिन्ही कागद भिंतीला लाव आणि कुठला वाचता येत नाही, ते त्यांनाच विचार.