डिजिटल घेऊ की डिस्कवाला? नव्या गेमिंग कन्सोलबद्दल तुमचे प्रश्न

तेच तेच प्रश्न परत परत येतायत, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देऊन टाकतो.

थांबलो तर भाव उतरतील ना?
नाही. पूर्वी उतरायचे. प्लेस्टेशन ५ आला २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२५ ला तो उलट ५० डॉलरने महागला, एक्सबॉक्सचंही तेच झालं.

१२० हर्ट्झसाठी (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलायला) नवीन टीव्ही लागेल का?
फोरकेमध्ये (जास्त बारीक चित्रात) हवं असेल तर टीव्हीला एचडीएमआय २.१ पोर्ट लागतो, टीव्हीचं मॅन्युअल उघडून बघा.

डिजिटल एडिशन (डिस्क ड्राइव्ह नसलेलं) स्वस्त आहे, तेच घेऊ का? दुकानदार म्हणतो आता डिस्क कोण वापरतं.
दुकानदार म्हणणारच, त्याला खोका विकायचाय! अहो, आकडे बघा. प्लेस्टेशन ५ चा स्लिम (लहान आकाराचा) २०२३ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत डिजिटल ४५० डॉलरला आणि डिस्कवाला ५०० ला होता, आणि डिस्क ड्राइव्ह नंतर वेगळा घ्यायचा तर ८० डॉलर, म्हणजे आधी वाचवलेले ५० जाऊन वर ३० खिशातून गेले. शिवाय तो जोडताना एकदा इंटरनेट लागतंच. २०२० च्या जुन्या डिजिटलला तर हा ड्राइव्ह बसतच नाही, एक्सबॉक्स सिरीज एसलाही नाही, त्यामुळे सेकंडहँड घेताना मॉडेल नंबर नीट बघा. आणि एकदा ड्राइव्ह नाही म्हटलं की गेम फक्त कंपनीच्याच स्टोअरमधून घ्यायचे, ती सांगेल तो भाव, खेळून झाला की विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. २०२४ मध्ये ७०० डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्येसुद्धा ड्राइव्ह दिला नाही याचा मला अजून राग येतो. वर्षाला एखाददुसराच गेम, तोही सेलमध्ये घेत असाल तर डिजिटल चालेल, नाहीतर आधी हिशोब मांडा आणि ड्राइव्ह वेगळा मिळतोय का ते विचारून मगच पैसे द्या.

निन्टेंडोच्या स्विच २ कन्सोलला जुनं मेमरी कार्ड चालेल?
गेमसाठी नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस हे नवीन, वेगवान कार्डच लागतं. जुन्यावरून फक्त फोटो-व्हिडिओ घेता येतात.

प्लेस्टेशनमध्ये जागा वाढवायला लॅपटॉपची एसएसडी (स्टोरेज) टाकू का?
कुठलीही उचलून टाकू नका. एम.२ एनव्हीएमई प्रकारची, जेन ४ (चौथ्या पिढीची), सेकंदाला ५,५०० मेगाबाइट किंवा त्याहून जास्त स्पीडची आणि हीटसिंकसकट (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) हवी, हीटसिंक धरून जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. यूएसबी ड्राइव्हवर पीएस५ चे गेम ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत, हे विकणारे सांगत नाहीत. स्क्रू उघडायला हात थरथरत असतील तर सर्व्हिस सेंटरला विचारा, वॉरंटीचंही तिथेच विचारून घ्या.